आम्हाला वजनकाट्यापाशी जागा द्या : बेळगाव जिल्हा पंचायतीस खुले पत्र

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा पंचायत, बेळगाव
मा. उपसंचालक, महिला व बालविकास खाते, बेळगाव
तसेच जिल्ह्यातील पदवी महाविद्यालयांची व्यवस्थापन मंडळे

विषय : गृहविज्ञानाच्या अंतिम वर्षाच्या विद्यार्थिनींना अंगणवाडी, शाळेचे स्वयंपाकघर आणि महिलांच्या स्त्रीशक्ती बचत गटांत एका सत्राचे प्रत्यक्ष काम मिळण्याबाबत.

महोदय, महोदया,

स. न. वि. वि.

आमच्या शेवटच्या सत्राची परीक्षा तोंडावर आली आहे. निकाल लागला की बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी या भागांतल्या आम्ही मुली पदवी घेऊन घरी परतू. तिथे एकच प्रश्न वाट पाहत असतो : गृहविज्ञान करून पुढे काय? स्वयंपाक आणि शिवण तर आई घरीच शिकवते. हा प्रश्न विचारणाऱ्यांवर आमचा राग नाही. आम्ही नेमके काय शिकलो हे गावात कुणाला दिसलेलेच नाही, म्हणून तो विचारला जातो. आम्ही मोजायला शिकलो. ताटातली डाळ, बाळाचे वजन, कापडाचा आकसा, वस्तूची खरी किंमत, बाईच्या दिवसातले श्रमाचे तास. आणि या जिल्ह्यात जिथे रोज शेकड्यांनी ताटे वाढली जातात आणि बाळे काट्यावर ठेवली जातात, तिथे हे मोजमाप करणारे हात कमी पडतात. तिथे आम्हाला जागा द्यावी, एवढे मागण्यासाठी हे पत्र आहे.

या विषयाच्या पाच शाखा : अन्न व पोषण, मानव विकास, वस्त्रशास्त्र, कुटुंब संसाधन व्यवस्थापन आणि विस्तार शिक्षण. कृषी विद्यापीठांनी आता याच पदवीला सामुदायिक विज्ञान असे नाव दिले आहे. नाव कोणतेही असो, काम कुठे अडते हे दाखवल्याशिवाय आमच्या मागणीला वजन येणार नाही. म्हणून थेट शाळेच्या स्वयंपाकघरापासून सुरुवात करतो.

बिसी ऊट, म्हणजे शाळेतल्या दुपारच्या गरम जेवणाचे प्रमाण ठरलेले आहे. पहिली ते पाचवीच्या मुलामागे १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल. सहावी ते आठवीसाठी १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी, साडेसात ग्रॅम तेल. पाचवीपर्यंतच्या १२० मुलांच्या शाळेत हे १२ किलो तांदूळ, २ किलो ४०० ग्रॅम डाळ, ६ किलो भाजी आणि ६०० ग्रॅम तेल होते. कोठीतून शिधा बरोबर निघतो, वहीतही बरोबर लिहिला जातो. गडबड होते ती पाण्यात आणि पळीत. २ किलो ४०० ग्रॅम डाळीचे सांबार ३० लिटर झाले, तर पाव लिटरच्या एका वाढणीत २० ग्रॅम डाळ जाते. तेच सांबार पुरवठ्याला यावे म्हणून ४० लिटर केले, की त्याच वाढणीत १५ ग्रॅमच जाते. मूल तेवढेच सांबार खाते, पोटही भरते, पण डाळीचा चौथा हिस्सा पातेल्यातच राहतो. त्यात डाळ तळाला बसते. पहिल्या पंगतीला वरचे पाणी आणि शेवटच्या पंगतीला घट्ट गोळा, हे पळी तळापासून न ढवळता वाढले की होणारच.

याला यंत्र लागत नाही. एक सरळ लाकडी काठी घ्यावी. पातेल्यात अडीच-अडीच लिटर पाणी मोजून ओतत जावे आणि प्रत्येक वेळी काठीवर खाच करावी. एक खाच म्हणजे दहा मुले. आज हजेरी ९० असेल तर नवव्या खाचेपर्यंत सांबार, त्यावर एक तांब्याही नको. भातासाठी रिकाम्या पातेल्याचे वजन एकदाच करून ते बाहेरून रंगाने लिहून ठेवावे. १२ किलो तांदळाचा भात साधारण ३० ते ३६ किलो होतो. तांदूळ जुना की नवा, यावर ते ठरते. भरलेले पातेले ४१ किलो आणि रिकामे ८ किलो असेल तर भात ३३ किलो, म्हणजे मुलामागे पावणेतीनशे ग्रॅम. मग वाढायच्या पळीत किती ग्रॅम बसतात ते काट्यावर एकदा पाहावे, म्हणजे मुलाला दीड पळी वाढायची की दोन हे स्वयंपाकी बाईंना अंदाजाने ठरवावे लागत नाही. त्यांच्या हाताचा अंदाज वाईट असतो असे आम्हाला मुळीच म्हणायचे नाही. शंभर माणसांचे जेवण त्या आमच्यापेक्षा कितीतरी चांगले शिजवतात. पण मापाची सोय त्यांना कुणी करून दिलेली नसते.

भाजीचे मापही असेच फसते. मेथी किंवा राजगिरा ६ किलो आणला आणि निवडला, की देठे-मुळे जाऊन बराच भाग कमी होतो. ५० ग्रॅम हे निवडलेल्या, खाण्याजोग्या भाजीचे माप आहे. तेव्हा काट्यावर निवडलेली भाजी ठेवावी, बाजारातली जुडी नव्हे. भाजी आधी धुवावी आणि मग चिरावी. चिरून पाण्यात टाकली की पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वे पाण्याबरोबर मोरीत जातात.

बोअरवेलचे पाणी जड असेल तिथे डाळ शिजत नाही. घाईत चिमूटभर सोडा टाकला जातो आणि डाळ लगेच मऊ होते. सोड्याने मात्र डाळीतले थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, नष्ट होते. त्याऐवजी डाळ तासभर भिजत घालावी, पाणी आधी खळखळ उकळून निवळू द्यावे, आणि चिंच, टोमॅटो, मीठ हे सगळे डाळ शिजल्यावर टाकावे. आंबट आधी पडले की डाळ दडदडीत राहते. भाताची पेज ओतून देण्याची खानापूरकडची सवयही तपासायला हवी. पेज काढायचीच असेल तर ती सांबारात घालावी, कारण तांदळातली ब-जीवनसत्त्वे तिच्यात उतरलेली असतात. आयोडीनयुक्त मीठ बंद डब्यात, चुलीपासून लांब ठेवावे.

शाळेत मुलांना दूध देणारी क्षीरभाग्य योजना १ ऑगस्ट २०१३ पासून सुरू आहे. १८ ग्रॅम पावडरीचे १५० मिली दूध, म्हणजे १२० मुलांना २ किलो १६० ग्रॅम पावडर आणि १८ लिटर दूध. पावडर उकळत्या पाण्यात ओतली की गुठळ्या होतात, त्या गाळणीवर अडकतात आणि मुलांच्या पेल्यात पांढरे पाणी येते. पावडर आधी कोमट पाण्यात कालवून पातळ करावी, गुठळी मोडली की मगच मोठ्या पातेल्यात घालून उकळावी. एवढ्यासाठी पदवी कशाला, असे कुणी म्हणेल. पण गाळणीवर राहिलेली पावडर काट्यावर ठेवून तिचा हिशेब मांडणारे कुणीतरी तिथे रोज उभे असायला हवे.

आता अंगणवाडी. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना देशात ३३ ठिकाणी सुरू झाली, त्यांत आपल्या राज्यातले टी. नरसीपूर होते. इतक्या वर्षांत अंगणवाडीत काटे आले, फोन आले, ॲप आले. पण ॲपमध्ये जो आकडा जातो तो काट्यावर चुकला असेल तर पुढचे सगळे चुकते. काटा सपाट, कडक जमिनीवर हवा. सतरंजीवर ठेवला तर आकडा डगमगतो. आधी शून्य पाहावे. बाळाचे स्वेटर, टोपी, चांदीचे वाळे काढावेत, लंगोट ओला असेल तर बदलावा. दोन वर्षांखालच्या बाळाची लांबी आडवे निजवून, दोघींनी मिळून घ्यायची : एकीने डोके फळीला टेकवून धरायचे, दुसरीने गुडघे हलकेच दाबून पाय सरळ करायचे. दोन वर्षांवरच्या मुलाची उंची उभे करून. लहान बाळ निजायला तयारच झाले नाही आणि उभे करून मोजावे लागले, तर त्या आकड्यात ०.७ सेंटिमीटर मिळवायचे असतात. एकट्या सेविकेला मदतनीस हाताशी नसेल तर लांबी नीट घेता येत नाही, आणि मग मागच्या महिन्याचाच आकडा पुन्हा लिहिण्याचा मोह होतो. हा दोष सेविकेचा नाही. दोन माणसांचे काम एकीवर पडले की तसे होते.

सर्वात मोठी चूक वयात होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात २४ महिन्यांच्या मुलग्याची कमी वजनाची रेघ ९.७ किलोवर आहे, २२ महिन्यांच्या मुलग्याची ९.४ किलोवर. साडेनऊ किलोचा मुलगा २२ महिन्यांचा धरला तर ठीक, २४ महिन्यांचा धरला तर कमी वजनाचा. दोन महिन्यांच्या घोळात मूल यादीत येते किंवा यादीतून निसटते. जन्मदाखला हाताशी नसेल तर आईला महिना विचारून भागत नाही, तिच्या आठवणीतली खूण विचारावी लागते. बेंदराच्या आधी की नंतर? पंचमीला पोटात होता की मांडीवर? भाताची लावणी चालली होती की मळणी? सौंदत्तीच्या यात्रेची खूण कुणी सांगितली तर कोणती पौर्णिमा तेही विचारून घ्यावे, कारण यल्लम्माची यात्रा वर्षातून एकाहून अधिक पौर्णिमांना भरते. गावाची अशी सण-सुगीची दिनदर्शिका एका कागदावर मांडून अंगणवाडीच्या भिंतीला लावली तर सेविकेचे काम निम्मे हलके होते. ती तयार करायला आम्हाला प्रत्येक गावात दोन दिवस पुरतील.

सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी दंडाच्या घेराची पट्टी हे सर्वात स्वस्त हत्यार आहे. डावा हात कोपरात वाकवून खांद्याचे टोक आणि कोपराचे टोक यांचा मध्य काढायचा, खूण करायची, हात सैल सोडायचा आणि मग पट्टी गुंडाळायची. पट्टी कातडीला टेकलेली हवी, रुतलेली नको आणि सैलही नको. ११.५ सेंटिमीटरच्या खाली, म्हणजे पट्टीच्या लाल भागात, घेर आला तर तीव्र कुपोषण, ११.५ ते १२.५ च्या मध्ये मध्यम. शिवाय दोन्ही पायांच्या पंज्यांवर अंगठ्याने तीन सेकंद दाबून पाहावे. खड्डा राहिला तर ती सूज आहे, आणि सुजेच्या पाण्यामुळे वजन फसवे भरते. असे मूल काट्यावर कितीही बरे दिसले तरी त्याला त्याच दिवशी आरोग्य केंद्रात न्यायचे.

सीमाभागात यात आणखी एक पायरी आहे, भाषेची. खानापूर आणि बेळगाव तालुक्यांतल्या पुष्कळ घरांत बोलणे मराठी आणि नोंदवही कन्नड. आम्ही कन्नड शिकलो आहोत आणि ज्या शिकल्या नाहीत त्यांनी शिकायलाच हवे. अहवाल कन्नडमध्ये जातो, नोकरीच्या परीक्षेलाही कन्नड लागते. पण चुलीपाशी बसून आईला प्रश्न विचारायचा तर तो तिच्या बोलीतच विचारला पाहिजे. ‘पूरक आहार सुरू केला का?’ या प्रश्नाला ‘होय’ हेच उत्तर येते, कारण प्रश्न सरकारी आहे हे तिला कळते. ‘काल उजाडल्यापासून बाळाच्या तोंडात काय काय गेले?’ असे विचारले की ती आठवून सांगू लागते : सकाळी अंगावरचे दूध, मग चहात बुडवलेली बटर, दुपारी आमच्या ताटातला भात, सांजच्याला पेज. आता खरे कळले. मग किती, हे तिच्याच घरातल्या वाटीने विचारायचे आणि ती वाटी किती मिलीची आहे ते घरी मापून घ्यायचे. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला दिवसातून दोन-तीन वेळा, नऊ महिन्यांनंतर तीन-चार वेळा घट्टसर खाणे हवे. पळीवरून ओघळून जाते ती पेज बाळाचे पोट भरते, अंग भरत नाही.

इथेच नाचणीचे सत्त्व कामाला येते. ते बहुतेक ठिकाणी चुकीच्या रीतीने होते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. नाचणीत १०० ग्रॅममागे सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. पण नुसत्या पिठाची लापशी शिजताना इतकी घट्ट होते की आई तिच्यात पाणी घालत जाते, आणि वाटीभर लापशीत पीठ चमचाभरच उरते. नाचणीला मोड आणले की दाण्यात अमायलेज हे विकर तयार होते. ते पिष्टाचे तुकडे करते, त्यामुळे तेवढ्याच पाण्यात दुप्पट पीठ घातले तरी लापशी बाळाला गिळता येईल इतकी सैल राहते. एक किलो नाचणी तीन-चार पाण्यांनी धुवावी, खडे पाण्यात खाली बसू द्यावेत. बारा तास भिजवावी, मध्ये एकदा पाणी बदलावे. पाणी निथळून ओल्या सुती कापडात सैल बांधून उन्हाळ्यात एक ते दीड दिवस, थंडीत दोन दिवस ठेवावी आणि कापडावर अधूनमधून पाणी शिंपडावे. मोड दाण्याहून थोडे लांब झाले की थांबावे. मग पातळ पसरून, वर मलमल टाकून कडक उन्हात दोन दिवस वाळवावी. दाणा दाताखाली कट्‌कन फुटला पाहिजे. हाताने चोळून मोड झाडून टाकावेत, मंद आचेवर जेमतेम गरम होईल इतकीच भाजावी आणि दळावी.

बिघडते ते दोन जागी. एक म्हणजे खरपूस वासाच्या नादाने जास्त भाजणे. त्यात अमायलेज मरते आणि मोड आणण्याची मेहनत वाया जाते. पारख सोपी : साध्या नाचणीची घट्ट लापशी शिजवून खाली उतरवावी, बोट सोसेल त्याहून थोडी गरम असताना तिच्यात चमचाभर सत्त्व ढवळावे. पाच मिनिटांत ती सैल झाली तर सत्त्व चांगले. नंतर पुन्हा एक उकळी आणूनच बाळाला द्यावी. दुसरी चूक पावसाळ्यात वाळवणे. जांबोटी, कणकुंबीच्या पावसात नाचणी वाळत नाही, तिला बुरशी धरते, आणि ती बुरशी पीठ चाळून जात नाही. त्या बाजूच्या गटांनी ऑक्टोबर ते मे एवढ्याच काळात सत्त्व करावे, पावसाळ्यापुरते हवाबंद ठेवावे. ओलसर वास आलेले सत्त्व फेकून द्यावे, गुरांनाही घालू नये.

गरोदर बायांसाठी २ ऑक्टोबर २०१७ पासून मातृपूर्ण योजनेत अंगणवाडीतच गरम जेवण मिळते. जेवणाबरोबर लोहाची गोळीही असते. आपल्याकडे भाकरी खाऊन लगेच चहा घेण्याची रीत आहे, आणि चहातले टॅनिन भाजीतले लोह अडवून ठेवते. जेवण आणि चहा यांत तासाभराचे अंतर, लोहाची आणि कॅल्शियमची गोळी वेगवेगळ्या वेळी, पालेभाजीवर लिंबाची फोड : या तीन गोष्टी फुकट आहेत. पण भिंतीवरच्या पत्रकाने त्या होत नाहीत. पंधरा दिवस त्याच बाईच्या शेजारी जेवायला बसणारे कुणी असेल तर होतात.

स्त्रीशक्ती गटांबद्दल थोडक्यात. शेंगदाण्याची चिक्की, करदंट (डिंक-सुक्यामेव्याची मिठाई), पापड, शिवणकाम यांत आमच्या मावश्या-काक्यांचा हात बसलेला आहे. त्यांना अडते ते हिशेबात. किंमत काढताना शेंगदाणा, गूळ, पाकीट धरले जाते. गॅस, रिक्षाभाडे, मोडलेली चिक्की आणि स्वतःची मजुरी धरली जात नाही, मग गट वर्षभर राबून शेवटी भांडतो. पाक कच्चा राहिला तर चिक्की पावसाळ्यात चिकटते. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकला की तो काचेसारखा तुटला पाहिजे. सुरकुतलेले, काळपट, कडवट शेंगदाणे हाताने वेचून बाजूला काढावेत, कारण त्यांत अफ्लाटॉक्सिन नावाचे बुरशीचे विष असू शकते आणि ते भाजून जात नाही. पाकिटावर घटक, निव्वळ वजन, तारीख आणि अन्नसुरक्षेचा नोंदणी क्रमांक हवा.

शाळेचे गणवेश शिवणाऱ्या गटांना दोनच गोष्टी सांगाव्या लागतात. कापड कापण्याआधी भिजवून वाळवा, सुती कापड पहिल्या धुण्यातच आकसते. आणि माया, म्हणजे शिवणीच्या आतले जादा कापड, ठेवा. बाजूच्या शिवणीत इंचभर, स्कर्टच्या आणि पँटच्या मुडपीत दोन इंच. वाढत्या अंगाच्या मुलीला तोच स्कर्ट दुसरे वर्ष घालता येतो. वडगाव-शहापुरात साडीला फॉल लावणाऱ्या बायांनाही हेच : फॉलची पट्टी आधी भिजवली नाही तर साडी धुतल्यावर काठ गोळा होतो, आणि गिऱ्हाईक साडीला नावे ठेवते.

निपाणीकडे घरोघरी विड्या वळल्या जातात. तिथे आमच्या विषयाची गरज जास्त आहे आणि तो पोहोचलाय सर्वात कमी. पाठीला भिंतीचा आधार, सूप मांडीच्या उंचीवर, तासागणिक उठून चार पावले, जर्दा स्वयंपाकाच्या खोलीबाहेर झाकून, आणि बाळाला अंगावर घेण्याआधी साबणाने हात. आयांना हे परक्या माणसाने भाषण करून सांगितलेले चालत नाही. वळणाऱ्या बाईच्या शेजारी चार दिवस बसून, तिचे सूप वर उचलून ठेवून, तिलाच फरक पाहू द्यावा लागतो.

हे सगळे आम्हाला महाविद्यालयाने शिकवले, याबद्दल मनापासून कृतज्ञता आहे. व्यवस्थापनांना मात्र तितक्याच मनापासून सांगायचे आहे की ते अर्ध्यावर सुटते. प्रयोगशाळेत आम्ही चौघांचे जेवण करतो आणि पोषणमूल्याचा तक्ता जर्नलमध्ये रंगीत पेनांनी मांडतो. १२० मुलांचे पातेले चुलीवर चढते तेव्हा पाणी किती आटते, हात किती दुखतात, शिधा उशिरा आला तर काय करायचे, हे त्या तक्त्यात नसते. गावाची पाहणी एका दिवसात होते : सकाळी बस, दुपारी प्रश्नावल्या, संध्याकाळी फोटो. वाढीचे मोजमाप एका भेटीत कळतच नाही, एकाच मुलाचे वजन तीन-चार महिने ओळीने घेतले की मग रेघ वर चालली की खाली ते दिसते. कृषी विद्यापीठाच्या सामुदायिक विज्ञान पदवीत शेवटच्या वर्षी खेड्यात राहून काम करणे अभ्यासक्रमातच आहे, आणि धारवाड आपल्यापासून लांब नाही. सर्वसाधारण महाविद्यालयातल्या गृहविज्ञानाच्या मुलींना ती संधी का नसावी?

पुढचे बेत आमच्यापैकी प्रत्येकीचे वेगळे आहेत. काहीजणी पदव्युत्तर शिक्षणासाठी धारवाडला, कोल्हापूरला जाऊ पाहतात. काहीजणींना बी.एड. करून शिकवायचे आहे, काहींना अंगणवाडी पर्यवेक्षिकेची परीक्षा द्यायची आहे, काहींना गावातच गट उभा करायचा आहे. आहारतज्ज्ञ व्हायचे असेल तर नुसत्या पदवीवर पाटी लावता येत नाही आणि लावूही नये. पदव्युत्तर शिक्षण, रुग्णालयातली इंटर्नशिप आणि इंडियन डायटेटिक असोसिएशनची नोंदणी परीक्षा, हा तो रस्ता. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या कायद्यातही या व्यवसायाचा समावेश झाला आहे. मधुमेहाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णाला अर्धवट ज्ञानावर पथ्य सांगणे म्हणजे जिवाशी खेळ. काहीजणींची लग्ने ठरली आहेत. त्यांची गणती ‘शिक्षण वाया गेले’ अशी होऊ नये, म्हणूनही हे एक सत्र हवे. हाती कामाचा दाखला असला तर सासरच्या गावीही अंगणवाडीच्या, गटाच्या दारात तिला उभे राहता येते.

मागणी अशी आहे. शेवटच्या वर्षी सोळा आठवडे, आठवड्याचे दोन पूर्ण दिवस, दोघी-दोघींच्या जोडीने एकच गाव. जोडी यासाठी की लांबी मोजायला दोघी लागतात, आणि मुलींना एकटीने आडवाटेच्या गावी पाठवायला घरचे तयार नसतात. पहिले चार आठवडे फक्त पाहायचे, मोजायचे आणि लिहायचे, कुणाला काही सांगायचे नाही. मधले आठ आठवडे एका वेळी एकच बदल : काठीच्या खाचा, नाहीतर दिनदर्शिका, नाहीतर सत्त्व. तिन्ही गोष्टी एकदम सुरू केल्या की कशाने काय झाले ते कळत नाही. शेवटच्या चार आठवड्यांत तेच मोजमाप पुन्हा घेऊन सेविका, मुख्याध्यापक आणि शाळा विकास व देखरेख समिती (एसडीएमसी) यांच्यासमोर मांडायचे. मांडणी मराठीत आणि कन्नडमध्ये.

आम्ही सेविकेच्या किंवा स्वयंपाकी बाईंच्या जागी काम करणार नाही. त्यांच्या हाताखाली करू. त्यांच्या चुकांचा कागद वर पाठवायला आम्ही येत नाही, ही हमी आदेशातच लिहावी, नाहीतर पहिल्याच दिवशी दार बंद होईल. मुलांचे फोटो काढणार नाही, कुठल्याही मुलाचे नाव वजनासह बाहेर सांगणार नाही. औषध सुचवणार नाही. दंडाची पट्टी लाल पट्ट्यात आली तर आशाताईंना त्याच दिवशी कळवू.

आपल्याकडून तीन गोष्टी हव्यात : खात्याचा परवानगीचा आदेश, तालुक्यामागे एका पर्यवेक्षिकेचे नाव, आणि गावापर्यंतचा बसपास. महाविद्यालयांनी या सत्राला प्रात्यक्षिकाचे गुण द्यावेत आणि आठवड्यातून एकदा एका प्राध्यापिकेला गावात पाठवावे. काटा, उंचीची फळी, दंडाची पट्टी, मोजपात्र आम्ही विभागाच्या प्रयोगशाळेतून नेऊ आणि परत करू.

आमची तुकडी आता बाहेर पडेल, तेव्हा याचा लाभ मागच्या मुलींना होईल. शाळा मेअखेरीला पुन्हा उघडतात. आदेश त्याआधी निघाला तर जून-जुलैमध्येच पहिल्या जोड्या गावात जाऊ शकतील, म्हणजे लावणीच्या दिवसांत आया शेतावर असताना अंगणवाडीतली बाळे काय खातात, तेही वहीत येईल. निकाल लागेपर्यंत आम्ही बेळगावातच आहोत. त्या जोड्यांना काटा कसा शून्यावर आणायचा, बाळ कसे धरायचे हे शिकवायला हव्या त्या दिवशी येऊ.

आपल्या नम्र,
गृहविज्ञान पदवीच्या अंतिम वर्षाच्या विद्यार्थिनी
बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी